पॉवर स्टीअरिंग ऑइलने क्लचची गळती थांबत नाही, ब्रेक मात्र जाऊ शकतात

"स्पोर्ट्स कारचा क्लच मास्टर सिलिंडर गळतोय? गॅरेजवाल्याला हजारो रुपये देऊ नका, हे पाच घरगुती उपाय करा." हा मेसेज पुण्यातल्या गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपमध्ये जोरात फिरतोय. (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलून क्लचपर्यंत दाब पोचवणारा भाग. हे ऑइल म्हणजे ब्रेकचंच ऑइल.) माझ्या भाच्यानेही तो मला पाठवला. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेली मॅन्युअल गिअरची टू-सीटर आहे. ताम्हिणीहून परत येताना तिचं क्लच पेडल खाली जाऊन बसायला लागलं आणि रिव्हर्स पडेना. "मामा, तिसरा उपाय रविवारी करून बघतो," एवढंच त्याने लिहिलं होतं. तो उपाय वाचला आणि आधी त्याला फोन केला. आता बाकीच्यांसाठी लिहितोय.

तिसरा उपाय असा: "ऑइलच्या डबीत अर्धा कप पॉवर स्टीअरिंग ऑइल किंवा एरंडेल टाका. रबर फुगतं आणि गळती कायमची बंद होते."

रबर फुगतं, हे खरं आहे. कदाचित दोन-चार दिवस गळती थांबेलही, आणि म्हणूनच लोक "मला फरक पडला" असं खाली लिहितात. पण पुढे काय होतं ते कुणी लिहीत नाही. क्लच आणि ब्रेकच्या सिलिंडरमधले कप, म्हणजे पिस्टनवरची रबरी सीलं, साधारणपणे ईपीडीएम या रबराचे असतात. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये हे रबर वर्षानुवर्षं टिकतं, खनिज तेलात मात्र ते मऊ पडतं, सुजतं आणि शेवटी त्याचा आकारच जातो. बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये डबीशी जोडणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडलं की पिस्टन मागे येतो, छिद्र उघडतं आणि लाइनमधला दाब डबीकडे सुटतो. सुजलेला कप हे छिद्र झाकून बसतो. दाब अडकला की क्लच पूर्ण धरत नाही, प्लेट घसरते आणि जळते. सिलिंडरचं काम वाचवायला गेलेला माणूस गिअरबॉक्स उतरवायच्या खर्चात पडतो.

तरीही, नुकसान क्लचपुरतंच राहिलं असतं तर मी इतका चिडलो नसतो. अनेक गाड्यांत क्लचला स्वतःची डबीच नसते. माझदा एमएक्स-5च्या जुन्या पिढ्यांत ती वेगळी आहे. पण पोर्शे बॉक्स्टरमध्ये किंवा आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या श्कोडा-फोक्सवॅगनच्या मॅन्युअल गाड्यांमध्ये क्लच ब्रेकच्याच डबीतून ऑइल घेतो. भाच्याच्या गाडीतही तसंच आहे. म्हणजे "क्लचसाठी" ओतलेलं तेल ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये, एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या) युनिटमध्ये आणि पुढे कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाची डिस्क आवळणाऱ्या भागापर्यंत, जाऊ शकतं. तिथेही रबर तसंच सुजतं. ब्रेक दाबले जातात पण सुटत नाहीत, चाकं धरून राहतात, डिस्क तापत जातात, कॅलिपरमधलं ऑइल उकळतं आणि उतारावर पेडल पोकळ होतं. ताम्हिणीच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर हे झालं तर काय, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही.

एरंडेल कुठून आलं असावं, याचा अंदाज आहे. फार पूर्वी एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून ब्रेकचं ऑइल बनवत असत, आणि तेव्हाचे कप नैसर्गिक रबराचे असत. त्या गाड्यांची गोष्ट आजच्या गाडीला लावता येत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, बॉनेट उघडा आणि डबीचं झाकण वाचा. कोणत्या प्रकारचं ऑइल, आणि ते सीलबंद डब्यातलंच घाला, अशी सूचना तिथे असते. ही कंपनीने माल खपवायला काढलेली युक्ती नव्हे. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक 135 नुसार ही सूचना डबीवर देणं बंधनकारक आहे. ऑइल कसं असावं ते मानक 116 सांगतं. त्यात ब्रेक ऑइलचे 'डॉट' आकड्यांचे प्रकार आहेत: डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस, आणि सुमारे 3.7 टक्के पाणी शोषल्यावर किमान 155. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. पुण्याच्या पावसाळ्यात उघडून अर्धी राहिलेली बाटली वापरू नका म्हणतात ते याचसाठी.

"डॉटचा आकडा जितका मोठा तितकं चांगलं, सरळ 5 टाका," हा दुसरा उपाय याच मानकाने निकालात निघतो. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, रंगाने जांभळं, आणि डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 पुन्हा ग्लायकॉलचंच. झाकणावर जे लिहिलंय तेच घाला.

पहिला मुद्दा, "जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही," हाही चूक. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल पेडलला जोडलेल्या दांड्यावरून (पुशरॉडवरून) गाडीच्या आत, पेडलवर येतं आणि कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतं. पायाशी वाकून रबरी बूट मागे सारा आणि बोट लावून बघा. कधी कधी तर ऑइल बाहेर येतच नाही, कपाच्या कडेने आतल्या आत परततं. सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं ते यामुळे.

चौथा मुद्दा आहे, "सिलिंडर बदलू नका, किट टाका." किट म्हणजे आतल्या रबरांचा नवा संच. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुना बिडाचा सिलिंडर असेल, बोअर (पिस्टन सरकतो ती आतली नळी) गुळगुळीत असेल, तर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेल्या किटवर तो पुन्हा चांगला चालतो. पण बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतील किंवा नखाला खाच लागत असेल, तर नवा कपही लवकरच फाटेल. अॅल्युमिनियमची बोअर घासली की तिच्यावरचा कडक थर जातो, आणि प्लास्टिकच्या बॉडीचे बरेच सिलिंडर उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. भाच्याचा तसाच आहे, तो अख्खाच बदलायचा.

आणि पाचवा, "एअर काढायची गरज नाही, पेडल वीस वेळा मारा"? हेही चूक, लाइनमधली हवा काढावीच लागते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरचं (क्लचकडच्या टोकाच्या सिलिंडरचं) हवा सोडायचं निपल उघडायचं, पेडल सुटायच्या आत बंद करायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मधे डबी रिकामी होऊ द्यायची नाही. पत्र्यावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

ज्यांनी तिसरा उपाय आधीच केला असेल त्यांनी झाकणाखालचं रबर बघावं. ते लाटा आल्यासारखं सुजलं असेल आणि जागेवर बसत नसेल, तर तेल कामाला लागलंय. रबर ठीक दिसलं तरी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करणाऱ्या ट्रकवर चढवून न्या. पेडलही मारू नका, मारलं की तेल आणखी पुढे जातं. आणि मेकॅनिकला काय ओतलं, किती ओतलं, त्यानंतर गाडी चालवली का, हे सगळं खरं सांगा. त्यावरच ठरेल की नुसती डबी आणि लाइन साफ करून भागेल की रबर असलेला प्रत्येक भाग बदलावा लागेल.