चौदाव्या वर्षाचं जर्मन उदाहरण

पुण्यात कोयता फिरवणाऱ्या पोरांची बातमी आली, की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हटकून पडतं : 'तिकडे जर्मनीत बघा, चौदाव्या वर्षीच आत टाकतात.' ग्रुपात जर्मनीत राहणारी मी एकटीच, श्टुटगार्टला, त्यामुळे टोमणा कुणासाठी आहे हे उघड असतं. अल्पवयीनाची व्याख्या अठरावरून चौदावर आणा, ही मागणी आता पुढारीही जाहीरपणे करू लागलेत आणि तिलाही जर्मनीचा दाखला चिकटतो.

चौदाचा आकडा बरोबर आहे. त्याचा लावलेला अर्थ साफ चुकीचा आहे.

इथे चौदाव्या वर्षी मुलगा कोर्टात जाऊ शकतो, पण तो मुलांच्या कोर्टात. चौदा ते सतरा या वयातल्या कुणालाही, खुनाच्या गुन्ह्यातसुद्धा, मोठ्यांचा फौजदारी कायदा लागत नाही. जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं. अठरा ते वीस वयाच्या पोरांच्या बाबतीतही न्यायाधीश आधी बघतात, की हा मनानं मोठा झालाय का. नसेल झाला, तर त्यालाही मुलांचाच कायदा. आणि तेराव्या वर्षापर्यंत खटलाच नाही, मामला बालकल्याण खात्याकडे जातो.

आता आपल्याकडचं बघा. भारतीय न्याय संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा धरत नाहीत. सात ते बारा वयात समज किती आहे ते बघतात. म्हणजे आठवीतला पोरगा आपल्या व्यवस्थेच्या हातात आजही येतोच, बाल न्याय मंडळासमोर. शिवाय २०१५च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, गुन्हा निर्घृण असेल तर, सज्ञान म्हणून खटला चालवायची सोय केली. कागदावर आपण जर्मनीपेक्षा कडक आहोत. हे ग्रुपवर लिहिलं, तर कुणी उत्तर दिलं नाही, एका मावसभावानं गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

तो कायदा कसा झाला तेही आठवायला हवं. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं वय खाली आणू नका असंच सांगितलं होतं. त्या प्रकरणातला अल्पवयीन तीन वर्षं काढून २० डिसेंबर २०१५ला सुटला आणि २२ तारखेला राज्यसभेनं विधेयक मंजूर केलं. दोन दिवसांत! रागाच्या भरात केलेल्या या कायद्यात मधली पायरी राहूनच गेली. मंडळाच्या हातात जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवणं, नाहीतर पोराला मोठ्यांच्या रांगेत उभं करणं. जर्मनीत सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत जी लांब पट्टी आहे, ती आपल्याकडे नाही. सतरा वर्षांच्या पोरानं माणूस मारला, तर तीन वर्षं कमी वाटतात आणि जन्मठेप जास्त, मग वाद फक्त वयाचा उरतो.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोरानं चालवलेल्या पोर्शनं दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, त्याचा राग मलाही आला होता, अजूनही आहे. पण त्याला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर सगळा महाराष्ट्र हसला, तेव्हा मला हसू आलं नाही. इथले न्यायाधीश पुस्तक वाचून त्यावर लिहायला लावतात. म्युनिकमध्ये त्यासाठी एक प्रकल्पच चालतो. मुलाबरोबर कुणीतरी बसतं, पुस्तक निवडतं, वाचलेलं बोलून घेतं. पण ही शिक्षा दुकानातली चोरी, मारामारी, भिंती रंगवणं असल्या गुन्ह्यांसाठी. दोन जीव गेल्यावर, त्याच दिवशी, मंडळाच्या एकाच सदस्यानं जामीन देताना ती अट घालावी, हे विचित्र होतं. आणि निबंध लिहून घेताना त्या मुलाशी बोलणार कोण होतं, हे तर कुणी विचारलंच नाही.

पुढे जे बाहेर आलं ते निबंधापेक्षा भयंकर होतं. ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, त्यात आई-वडील आणि डॉक्टरांना अटक झाली, ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याच्या आरोपाखाली आजोबांना अटक झाली. तरी चर्चा फिरून फिरून एकाच प्रश्नावर : तो सतराचा, की त्याला मोठा धरायचा? मंडळानं जुलै २०२५मध्ये त्याला सज्ञान धरायची मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्येच सांगितलं होतं, की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा नाही तो निर्घृण या वर्गात बसत नाही आणि सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. निर्णय मला पटला. रागवा हवं तर. पण प्राथमिक मूल्यमापन तीन महिन्यांत व्हावं असं कायदा म्हणतो आणि या प्रकरणात उत्तर मिळायला चौदा महिने लागले. यावर मोर्चा निघालेला मी तरी ऐकला नाही.

श्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात एक इमारत आहे. १९९९पासून तिथे पोलीस, सरकारी वकील आणि बालकल्याण खात्याची माणसं एकाच छताखाली बसतात. जर्मनीतली ही अशी पहिली जागा. माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका पोरानं दुकानातून हेडफोन उचलले. त्याच्या आईबरोबर मी गेले होते, कारण तिचं जर्मन कच्चं. मला वाटलं होतं दरडावतील. समोरच्या बाईंनी अर्धा तास पोराला विचारलं त्याहून जास्त आईला विचारलं : रात्री घरी कोण असतं, फोनचे पैसे कोण भरतं, बाबा शेवटचे कधी शाळेत आले होते. पोरगा कानापर्यंत लाल झाला होता. वृद्धाश्रमात काही तास काम करायचं आणि दुकानदाराची समोर जाऊन माफी मागायची, एवढ्यावर सरकारी वकिलांनी प्रकरण मिटवलं, कोर्टापर्यंत गेलंच नाही. आई बाहेर आल्यावर म्हणाली, 'चोरी त्यानं केली आणि घाम मला फुटला.'

आपल्या कायद्यात हे नाही असं मुळीच नाही. परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर आहे, त्यानं मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांतली एक बाई. जर्मनीत मुलांच्या बऱ्याच मोठ्या खटल्यांत एक न्यायाधीश आणि दोन सामान्य नागरिक, एक बाई, एक पुरुष. रचना जवळपास जुळी आहे. फरक पडतो तो अहवाल लिहिणारा खरंच त्या घरात जाऊन बसतो का, यात.

जर्मनीचं कौतुक इथेच थांबवते. जून २०२०मध्ये एका रात्री श्टुटगार्टच्या भर बाजारपेठेत पोरांच्या टोळक्यांनी दुकानांच्या काचा फोडल्या, लुटालूट केली. त्यानंतर पोलीस संशयितांच्या आई-बापांचं मूळ नागरिकत्व नोंदणी कार्यालयांत शोधत बसले. आम्हा परदेशी आयांच्या पोटात तेव्हा गोळा आला होता. ही इथली 'कुठल्या वस्तीतला आहे रे?' मार्च २०२३मध्ये फ्रॉयडनबर्गला बारा वर्षांच्या मुलीचा दोन मैत्रिणींनी खून केला, एक बारा आणि एक तेरा वर्षांची. खटला होऊच शकत नव्हता. लगेच इथेही मर्यादा बारावर आणा अशी ओरड सुरू झाली. म्हणजे आपण चौदा मागताना ज्यांच्याकडे बघतो, त्यांच्यातले काही बारा मागतायत.

पुण्यात कोयतेवाल्या पोरांच्या मागे बहुतेक वेळा एखादा भाई असतो, रीलवर दिसणारा आणि आरोपपत्रात न दिसणारा. सतराच्या पोराला पुढे करण्याचं कारण त्याला ठाऊक असतं. मर्यादा चौदावर आली, तर तो तेराचा शोधेल, त्याला काय! अशा भाईसाठी बाल न्याय कायद्यात ८३वं कलम आहे : मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. गाडीची किल्ली देणाऱ्या बापासाठी मोटार वाहन कायद्यात १९९ए आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. दोन्ही कलमं आजच्या आज वापरता येतात, वयाला हातही न लावता. चौदाची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांना पुढच्या पत्रकार परिषदेत कुणी विचारेल का, की तुमच्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत ८३ किती भाईंवर लागलं आणि परिविक्षा अधिकारी किती आहेत?