इसोफॅगो… आणि पुढचं

पोटात दुर्बीण घालून घेणं सोपं आहे. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घसा बधिर करणारा फवारा मारून घ्यायचा, डाव्या कुशीवर वळायचं. काही मिनिटांत काम उरकतं. कठीण काय, तर या प्रकाराचं पूर्ण नाव मेडिक्लेमवाल्यांना फोनवर सांगणं.

“सर, नुसतं एंडोस्कोपी नको, बिलावर आहे तसं फुल नेम सांगा.”

बिलावर होतं इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी. इंग्रजी वर्णमालेत असतात तेवढी, म्हणजे 26 अक्षरं या एका शब्दात! तीही अमेरिकन पद्धतीने लिहिलं तर. ब्रिटिश मंडळी सुरुवातीला एक ‘ओ’ जास्तीचा लावतात. आमच्या हॉस्पिटलने तो लावला होता आणि विमावाल्यांच्या कॉम्प्युटरला तो खपत नव्हता.

“सर, ओ फॉर ऑरेंजवरून काहीच येत नाहीये.”

मग मी शब्द फोडायला घेतला. इ-सॉ-फॅ-गो-गॅस्-ट्रो-ड्यु-ओ-डि-नॉस्-को-पी. बरोबर बारा तुकडे. फोडता फोडता कळलं की दुर्बीण ज्या क्रमाने आत जाते, त्याच क्रमाने यात लोकलसारखी स्टेशनं लागतात. इसोफॅगो, अन्ननलिका. गॅस्ट्रो, जठर. ड्युओडेनो, लहान आतड्याचा पहिला भाग. शेवटी स्कोपी, म्हणजे पाहणं. सगळा ग्रीक कारभार, मध्ये ड्युओडेनो तेवढं लॅटिन घुसलेलं.

ते घुसलं कसं, ही खरी मजा. इ.स.पूर्व 300च्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाचा वैद्य होता. त्याने या आतड्याला ‘बारा बोटांचं’ म्हटलं. बोटं आडवी लावली तर लांबी तेवढी भरते. शब्द लॅटिनमध्ये गेला तेव्हा बोटं गळाली, नुसते बारा उरले. आपल्याकडे बारा अंगुळं म्हणजे एक वीत. तेव्हा ‘वीतभर पोटासाठी’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांचं माप अचूक होतं, फक्त अवयव जरा खालचा निघाला.

हे सगळं मी फोनवरच्या मुलीला सांगितलं. बिचारीने ऐकूनही घेतलं. मग म्हणाली, “सर, म्हणजे अप्पर जीआय एंडोस्कोपी ना? ते आहे की इथे.”

क्लेम पास झाला. रिपोर्टात निदान होतं, गॅस्ट्रोइसोफेजियल रिफ्लक्स. तुकडे तेच, क्रम मात्र उलटा: जठर आधी, अन्ननलिका नंतर, कारण आम्ल खालून वर चढतं. केवढा तर्कशुद्ध शब्द! मी बायकोला तो फोडून दाखवायला बसलो.

“पित्त म्हण की सरळ,” ती म्हणाली आणि माझ्यासमोरची मिसळ उचलून आत घेऊन गेली.