रिटायरमेंट व्हिसा: ‘आयुष्यभर’ हा शब्द कुणी घुसवला?

निवृत्तीला टेकलेल्या माणसांच्या फोनवर एक मेसेज बराच काळ फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, आणि दर वेळी त्यात एखादी ओळ वाढलेली होती. मजकूर साधारण असा: ‘पन्नाशी ओलांडली की कुठल्याही मोठ्या देशाचा रिटायरमेंट व्हिसा मिळतो. बँकेत रक्कम दाखवायची, झालं. मग आयुष्यभर तिथे राहा. पेन्शनवर कर नाही, औषधपाणी फुकट, वेळ जात नसेल तर थोडं काम करा, घर घेतलं तर व्हिसा आपोआप आणि पाच वर्षांनी पासपोर्ट हातात. योजना कधीही बंद होऊ शकते, त्वरा करा.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी वर्षी अर्धंमुर्धं खरं होतं. गंमत अशी की एकाच देशात, एकाच वेळी ती सगळी कधीच खरी नव्हती. तेव्हा एकेक ओळ सुटी करून बघू.

‘कुठल्याही मोठ्या देशाचा’

अमेरिकेत रिटायरमेंट व्हिसा नावाची चीजच नाही. कॅनडातही नाही. ब्रिटनमध्ये स्वतःच्या पैशावर जगणाऱ्या निवृत्तांसाठी एक सोय होती, ती नोव्हेंबर २००८ मध्ये बंद झाली. ऑस्ट्रेलियाने आपला निवृत्तांचा व्हिसा नव्या अर्जदारांसाठी २०१८ साली बंद केला. न्यूझीलंडमध्ये आहे, पण वय किमान ६६ हवं, साडेसात लाख न्यूझीलंड डॉलर तिथे गुंतवायचे, वर खर्चासाठी ५ लाख आणि वर्षाला ६० हजारांचं उत्पन्न दाखवायचं. एवढं करून व्हिसा मिळतो दोन वर्षांचा.

हा व्हिसा खरोखर चालतो ते देश वेगळे: थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स, पनामा, कोस्टारिका. युरोपात स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, इटली. पण तिथे व्हिसाच्या नावात निवृत्ती नसते. काम न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती ‘पन्नाशी’? ती थायलंडची अट. स्पेन-पोर्तुगाल वय विचारतच नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने वय एका देशाचं उचललं आणि बाकीचं दुसऱ्या देशांचं.

‘बँकेत रक्कम दाखवायची, झालं’

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. शिल्लक वेगळी आणि उत्पन्न वेगळं. पनामाला महिन्याला किमान १,००० डॉलरची पेन्शन लागते आणि ती मरेपर्यंत मिळणारी असावी लागते. तुमच्याकडे पाच लाख डॉलर पडून असतील पण पेन्शन नसेल, तर त्या खिडकीत तुमचं काम नाही. स्पेनचा हिशेब ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे सध्या एकट्या माणसाला महिन्याला २,४०० युरो. जोडीदार असेल तर आणखी ६००. पगार यात धरत नाहीत, घरबसल्या दुसऱ्या देशातल्या कंपनीकडून येणारासुद्धा.

थायलंडला शिल्लक चालते, पण ‘दाखवायची’ नाही, ठेवायची. थाई बँकेत, स्वतःच्या नावावर ८ लाख बाट. वर्षाची मुदतवाढ मागण्याआधी दोन महिने ते खात्यात हवेत, मिळाल्यावर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, आणि उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा ८ लाख. म्हणजे वर्षातले बरेच महिने तो पैसा तुमचा असून तुमचा नसतो.

माझे एक जुने सहकारी चियांग माईत राहतात. त्यांनी मुदतवाढीच्या दिवसाचं वर्णन करून पाठवलं होतं. सकाळी बँक उघडताच जाऊन खात्यात शंभर बाट भरायचे. पैशासाठी नव्हे, तर पासबुकात आजच्या तारखेची ओळ छापून यावी म्हणून. मग बँकेकडून शिलकीचं पत्र. मग पासबुकाच्या आणि पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही. आदल्या दिवशीची तारीख असली तर खिडकीतून परत पाठवण्याची शक्यता असते, म्हणून हे सगळं त्याच दिवशी. त्यांचं वाक्य होतं, ‘नोकरीत असताना मी दुसऱ्यांना हयातीचे दाखले मागायचो, आता दरवर्षी माझा मी देतो.’

पेन्शनवाल्यांसाठी थायलंडचा दुसरा पर्याय म्हणजे महिन्याला ६५ हजार बाटचं उत्पन्न. २०१८ अखेरपर्यंत ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांचे दूतावास आपल्या नागरिकांना उत्पन्नाचं पत्र देत आणि काम भागायचं. ते पत्र देणं त्यांनी थांबवलं. आता दर महिन्याला परदेशातून तेवढी रक्कम थाई खात्यात आलेली दिसावी लागते. थाई सरकारने रकमेचा आकडा बदललेला नाही, तरी माणसं अडचणीत आली, आणि त्याला आणखी एक कारण होतं: २००७ च्या सुमारास एका पौंडाला पासष्ट-सत्तर बाट मिळत, २०१९ मध्ये चाळिशीच्या आसपास. जो ब्रिटिश पेन्शनर हजार पौंडांत ही अट पुरी करत होता, त्याला बारा वर्षांनी सोळाशेच्या वर पौंड लागायला लागले. मेसेजमध्ये ‘रक्कम’ शब्द आहे, चलनाचं नाव नाही.

‘मग आयुष्यभर तिथे राहा’

हीच ओळ लोकांना भुलवते, आणि हीच सगळ्यात पोकळ आहे. थोडं श्रेय मात्र देतो: पनामाचा पेन्शनर परवाना खरोखर बेमुदत असतो, आणि तिथल्या १९८७ च्या कायद्याने निवृत्तांना विमानाच्या तिकिटापासून सिनेमापर्यंत सवलतीही मिळतात. ‘आयुष्यभर’ हा शब्द बहुधा तिथूनच निघाला असावा. पण तो बाकीच्या देशांना चिकटवता येत नाही.

मलेशियाचं उदाहरण घ्या. ‘मलेशिया माय सेकंड होम’ ही योजना २००२ पासून चालू होती, दहा-दहा वर्षांचा व्हिसा मिळे, आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाला दीड लाख रिंगिटची मुदत ठेव पुरे. २०२० मध्ये नवे अर्ज थांबले. २०२१ मध्ये योजना परत आली ती नव्या आकड्यांसह: महिन्याचं उत्पन्न १० हजारांवरून ४० हजार रिंगिट, ठेव थेट १० लाख. नूतनीकरणाच्या वेळी जुन्या लोकांनाही हेच लागू होणार असं आधी जाहीर झालं. पंधरा-पंधरा वर्षं तिथे राहिलेली, घर घेतलेली माणसं हवालदिल झाली. मोठी ओरड झाली, मलेशियातल्याच जोहोर राज्याच्या सुलतानांनीही उघड नाराजी दाखवली, तेव्हा कुठे जुन्यांना उत्पन्न आणि ठेवीच्या वाढीतून सूट मिळाली. २०२४ मध्ये पुन्हा नवी रचना: तीन श्रेणी, ठेव १.५ लाख, ५ लाख किंवा १० लाख अमेरिकन डॉलर, आणि घर घेणं सक्तीचं. तीन-चार वर्षांत नियमांची दोनदा उलथापालथ. फिलिपिन्सनेही २०२१ मध्ये किमान वय ३५ वरून एकदम ५० केलं होतं.

जिथे कोणी नियम बदलत नाही, तिथेही आकडा आपोआप चढतो. पोर्तुगालमध्ये स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी जो डी-७ नावाचा व्हिसा आहे, त्याची अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे. ते २०१८ मध्ये महिन्याला ५८० युरो होतं, २०२५ मध्ये ८७०. सात वर्षांत दीडपट. तुमची पेन्शन दीडपट झाली का, हा प्रश्न परवाना नव्याने करताना उभा राहतो.

शिवाय ‘तिथे राहा’ म्हणजे खरंच तिथेच राहावं लागतं. पोर्तुगालच्या परवान्यावर सलग सहा महिने, किंवा मुदतीत मिळून आठ महिने बाहेर राहिलात तर तो रद्द होऊ शकतो. थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा. आणि देशाबाहेर जाण्याआधी पुन्हा प्रवेशाचा परवाना घ्यायचा, एका वेळचा हजार बाटला. वर उल्लेख केलेले माझे सहकारी एकदा बहिणीच्या आजारपणाची बातमी ऐकून रातोरात निघाले आणि तो शिक्का राहून गेला. विमानतळावरही तो मिळतो, पण त्या मनःस्थितीत कोणाला सुचणार? देश सोडला त्या क्षणी वर्षाची मुदतवाढ संपली. परत आल्यावर पर्यटक म्हणून प्रवेश आणि सगळी फाइल पहिल्यापासून. सहा वर्षांचा मुक्काम तिथे कामाला आला नाही, कारण हिशेबात सहा वर्षं नव्हतीच. एकेक वर्ष सहा वेळा होतं.

‘पेन्शनवर कर नाही’

ही ओळ पोर्तुगालची, आणि शिळी झालेली. तिथे २००९ पासून नव्या रहिवाशांसाठी खास सवलत होती आणि परदेशातून येणाऱ्या पेन्शनवर कर लागत नसे. फिनलंड आणि स्वीडनचे निवृत्त त्यासाठी तिकडे जाऊ लागले. आपल्या तिजोरीतून गेलेल्या पेन्शनवर कोणीच कर घेत नाही, हे त्या सरकारांना कसं रुचणार? फिनलंडने पोर्तुगालशी असलेला कर-करार मोडला, तो २०१९ पासून संपला. स्वीडनचा २०२२ पासून. मधल्या काळात पोर्तुगालने २०२० मध्ये पेन्शनवर १० टक्के कर बसवला आणि २०२४ पासून नव्या निवृत्तांसाठी ही सवलतच बंद केली.

बहुतेक देशांत वर्षाचे १८३ दिवस राहिलात की तुम्ही कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी. थायलंडमध्ये १८०. तिथे पूर्वी एक पळवाट होती: यंदाचं परदेशी उत्पन्न पुढच्या वर्षी आणलं तर कर नाही. १ जानेवारी २०२४ पासून ती बुजवली. कमी कर आजही मिळतो, नाही असं नाही. ग्रीस परदेशी पेन्शनरांना १५ वर्षांपर्यंत सरसकट ७ टक्के लावतो. पण सात म्हणजे शून्य नव्हे, आणि मूळ देश त्या पेन्शनवर आधी हात मारतो की नाही, हे दोन देशांमधल्या करारावर ठरतं. ती सरकारी पेन्शन आहे की खासगी, यानेही उत्तर बदलतं.

‘औषधपाणी फुकट’

उलट आहे. फुकट मागणार नाही याची खात्री द्याल तेव्हाच व्हिसा मिळतो. स्पेनला असा खासगी आरोग्य विमा लागतो की उपचाराच्या वेळी तुमच्या खिशातून काही द्यावं लागू नये. थायलंडच्या ‘ओ-ए’ या निवृत्तांच्या एका प्रकारच्या व्हिसाला २०१९ पासून विमा सक्तीचा झाला आणि नंतर त्याची मर्यादा वाढवून ३० लाख बाट केली. आता हा विमा विकत घ्यायचा कोणत्या वयात? ज्या वयात विमा कंपन्या हप्ता चढवतात, जुनी दुखणी वगळतात आणि सत्तरीनंतर नव्या माणसाला बऱ्याचदा दारातच उभं करत नाहीत. व्हिसाच्या अटीत वयाची वरची मर्यादा नसते, पण विम्याच्या अटीत असते. व्यवहारात दोन्ही एकच झालं.

स्पेनमध्ये एक चांगली वाट आहे, ती सांगायलाच हवी: वर्षभर नोंदणी करून राहिल्यावर महिन्याला ६० युरो, आणि पासष्टीच्या पुढे १५७ युरो भरून सरकारी आरोग्यसेवेत शिरता येतं. जुन्या आजारांसकट. मात्र औषधांच्या चिठ्ठीवर सवलत नाही. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मी त्याला धन्यवाद दिले असते.

काम, घर, पासपोर्ट

या तिन्हींवर फार वेळ घालवत नाही. स्पेनच्या व्हिसाच्या नावातच ‘बिगर-कमाई’ असा शब्द आहे. थायलंडमध्ये निवृत्तीच्या शिक्क्यावर नोकरी हा गुन्हा. घराचं म्हणाल तर थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, फ्लॅट होतो, तोही परदेशी लोकांचे सगळे फ्लॅट मिळून इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या आत असतील तरच. युरोपात घर घेऊन परवाना देणाऱ्या योजना वेगळ्याच होत्या, त्यांचा निवृत्तीशी संबंध नव्हता. पोर्तुगालने घराची वाट २०२३ मध्ये बंद केली, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. आणि पासपोर्ट: थायलंडच्या निवृत्तीच्या मुदतवाढी कायम रहिवासाकडे नेत नाहीत, आयर्लंडमध्ये निवृत्तांच्या ‘स्टॅम्प झीरो’ या परवान्यावर काढलेली वर्षं नागरिकत्वासाठी मोजत नाहीत, स्पेनमध्ये बहुतेकांना दहा वर्षं लागतात, वर स्पॅनिश भाषेची परीक्षा.

जे मेसेजमध्ये नाहीच

व्हिसा बहुधा एकाच्या नावावर असतो, जोडीदार त्यावर अवलंबून. पेन्शन ज्याची, त्याचं निधन झालं की मागे राहिलेल्या माणसाचा राहण्याचा हक्क स्वतःच्या पायावर उभा असतोच असं नाही. त्याला नव्याने, स्वतःच्या उत्पन्नावर अर्ज करावा लागू शकतो. आणि पेन्शन तर बऱ्याचदा कमी झालेली असते. अर्ज भरतानाच ही चौकशी करावी. शक्य असेल तिथे दोघांचे अर्ज वेगवेगळे करावेत, पैसे दोन खात्यांत ठेवावे लागले तरी.

राहता राहिली शेवटची ओळ: ‘योजना कधीही बंद होऊ शकते, त्वरा करा.’ पहिला अर्धा भाग मान्य आहे. फक्त तो वरच्या ‘आयुष्यभर’शेजारी ठेवून पुन्हा वाचा. दुसऱ्या भागाखाली सहसा एखाद्या एजंटचा नंबर असतो. त्याला एवढंच विचारा की ८ लाख बाट कोणाच्या खात्यात, किती दिवस राहणार. ‘ते आम्ही बघू, तुम्ही फक्त सही करा’ असं उत्तर आलं, तर तो सकाळी तुमच्या खात्यात पैसे भरून, बँकेचं पत्र घेऊन संध्याकाळी काढून नेणारा आहे. पकडला गेला तर खोट्या कागदावर सही तुमची असते.