आठवड्याचं सांगता येत नाही, मग शंभर वर्षांचं कसं?

एक मजकूर ठरावीक काळाने फिरून पुढ्यात येतो. त्याचा गाभा असा: ‘पुढच्या आठवड्यात पाऊस पडेल का हे ज्यांना धड सांगता येत नाही, ते शंभर वर्षांनंतरचं तापमान काय सांगणार? जागतिक हवामान मॉडेल म्हणजे जुन्या आलेखावर मागाहून जुळवलेली रेषा. त्यांचं एकही भाकीत खरं ठरलेलं नाही.’ यातल्या पहिल्या दाव्यात गल्लत आहे, दुसऱ्यात थोडं तथ्य आहे आणि तिसरा साफ खोटा आहे.

पहिला लगेच निकालात निघतो. रोजचा अंदाज वातावरणाच्या आजच्या स्थितीवर उभा असतो; तिच्या मोजमापातली बारीक चूक वाढत जाते आणि दोनेक आठवड्यांत अंदाज निकामी होतो. दीर्घकालीन मॉडेल, म्हणजे हवामानाचं संगणकावर मांडलेलं गणित, ठरावीक तारखेचं हवामान सांगतच नाही. ऊर्जा किती आली, किती गेली, त्यातून सरासरी कुठे सरकते, एवढंच ते सांगतं. उत्तर गोलार्धात जुलै जानेवारीपेक्षा गरम असणार, हे सांगायला जुलैतल्या एकाही दिवसाचा अंदाज लागत नाही.

दुसरा दावा मात्र झटकून टाकता येत नाही. मॉडेलचा सांगाडा भौतिकीच्या नियमांचा असतो आणि ते नियम कुणी तापमानाच्या आलेखावरून काढलेले नाहीत. पण हिशेबासाठी मॉडेलात वातावरणाचे जे चौकोन पाडतात त्यांची बाजू बऱ्याचदा शंभर किलोमीटरच्या आसपास असते, आणि ढग त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे ढगांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी घालावा लागतो. बर्फाचे कण किती वेगाने खाली येतात, वर चढणाऱ्या ढगात आजूबाजूची कोरडी हवा किती मिसळते, हे आकडे नेमके माहीत नसतात, त्यांची फक्त मर्यादा माहीत असते. त्या मर्यादेत ते फिरवले जातात. मुख्य हेतू ऊर्जेचा ताळेबंद जुळवण्याचा: वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॉट सूर्यप्रकाश येतो, आणि हिशेब एखाद्या वॉटने चुकला तरी मॉडेल भरकटतं.

कधी थेट तापमानवाढही जुळवली जाते. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेच्या मॉडेलची एक मधली आवृत्ती कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर सुमारे ७ अंश तापत होती. विसाव्या शतकातल्या नोंदींशी मेळ बसावा म्हणून ढगांची सूत्रं बदलून ती सुमारे ३ अंशांवर आणली, आणि तसं छापूनही टाकलं. अशा मॉडेलचा विसाव्या शतकाशी बसलेला मेळ त्याचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही. इथे आक्षेप बरोबर आहे.

म्हणूनच परीक्षा घ्यायची ती ज्या प्रश्नांची उत्तरं जुळवणी करताना वापरलेली नाहीत, त्यांवर. सीईएसएम-२ या अमेरिकी मॉडेलला सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचं हिमयुग उभं करायला लावलं, तेव्हा पृथ्वी ११ अंशांहून जास्त गारठली. जुन्या नैसर्गिक पुराव्यांवरून हा आकडा साधारण ५ ते ७ निघतो. दोष ढगांच्या सूत्रांपर्यंत मागे नेता आला, आणि तो पकडला मॉडेलवाल्यांनीच. असे ‘अति तापट’ नमुने असल्यामुळे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीने २०२१च्या अहवालात मॉडेलांची सरळ सरासरी घेतली नाही. इतर पुरावे जोडून दुप्पट कार्बन डायऑक्साइडसाठी २.५ ते ४ अंशांची संभाव्य मर्यादा दिली.

आता तिसरा दावा. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये हवेच्या एकाच स्तंभाचं साधं मॉडेल चालवलं. निष्कर्ष असा की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल, पण वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होईल. सूर्य प्रखर झाल्याने तापमान वाढलं असतं, तर दोन्ही तापले असते. तेव्हा स्थितांबराच्या उपग्रही नोंदींची मालिकाच नव्हती. पुढच्या दशकांत ती आली आणि थंडावा दिसला. मानाबे यांना २०२१मध्ये नोबेल मिळालं. जून १९९१मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या गटाने सुमारे अर्ध्या अंशाची तात्पुरती घट वर्तवली, आणि जवळपास तेवढीच झाली. १९७० ते २००७ दरम्यानची १७ भाकितं नंतर तपासली गेली: १० निरीक्षणांशी जुळली, आणि प्रत्यक्षात किती वायू सुटले हे धरल्यावर १४. ‘एकही नाही’ म्हणणाऱ्यांचं लाडकं उदाहरण, हॅन्सन यांचं १९८८चं भाकीत, जास्त तापलं हे खरं. पण त्याचं एक मोठं कारण म्हणजे मिथेन आणि सीएफसी (पूर्वी फ्रिजमध्ये वापरले जाणारे वायू) त्यात धरल्यापेक्षा कमी वाढले.

मॉडेलांना खरोखर धारेवर धरायचं असेल, तर प्रदेशवार पावसावर धरावं. किंवा विषुववृत्तीय पूर्व पॅसिफिकवर: बहुतेक मॉडेलांच्या हिशेबाने तो गेल्या काही दशकांत तापायला हवा होता, आणि तो फारसा तापलेला नाही.