हित्ती म्हणे क्षत्रिय!

तुर्कस्तानच्या हित्तींवरचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक भारतातून गेलेले क्षत्रिय. 'क्षत्रिय'चं 'खत्ती' आणि त्याचं 'हित्ती' झालं. त्यांची भाषा संस्कृतातून निघाली. आणि बोगाझकोई इथे, म्हणजे त्यांच्या राजधानीच्या जागी, सापडलेल्या तहात त्यांनी इंद्र-वरुणांना साक्षी ठेवलं, असं त्यात म्हटलंय.

तहात ही नावं आहेत, हे खरं. मित्र, वरुण, इंद्र, नासत्य. पण इ.स.पू. चौदाव्या शतकातला हा तह हित्ती राजा शुप्पिलुलिउमा आणि उत्तर सीरियातल्या मितन्नी राज्याचा शत्तिवाज यांच्यातला, आणि हे देव साक्षीला आहेत ते मितन्नीच्या बाजूने. हित्तींकडून अरिन्नाची सूर्यदेवी आणि वादळाचा देव. मजकूर लिहिणाऱ्याने एका पक्षाचे साक्षीदार दुसऱ्याच्या नावावर खपवलेत. इंडो-आर्य धागा शोधायचाच तर तो मितन्नीत सापडतो, आणि तिथेही राजांच्या व देवांच्या नावांत आणि घोड्यांच्या तालमीतल्या 'ऐक', 'पंझ', 'सत्त' अशा आकड्यांत. प्रजा हुरियन बोलायची.

नावाची गोष्ट आणखी गमतीची. हित्ती लोक आपल्या भाषेला 'नेशिली' म्हणत, नेशा या शहरावरून. म्हणजे कायसेरीजवळचं आजचं कुलतेपे. 'हत्ती' हे नाव देशाचं, आणि तेही तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांकडून आलेलं. त्या लोकांची भाषा संस्कृतच्या कुळातलीच नाही. 'हित्ती' हे रूप बायबलमधलं; एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी ते यांना चिकटवलं. 'क्ष'चा 'ख' होणं ही प्राकृतातली गोष्ट, आणि हत्ती देशाचं नाव त्याच्या कितीतरी शतकं आधीच्या मातीच्या विटांवर कोरलेलं आहे. (नाव वाचून अजून कुणी गजांतलक्ष्मी काढली नाही, हे नशीब.)

राहिली भाषा. १९१५ मध्ये चेक अभ्यासक बेद्रिख ह्रोझ्नी यांनी एका हित्ती वाक्यात 'एझ्झातेनि' म्हणजे खाल आणि 'वातर' म्हणजे पाणी असं लावलं, आणि हित्ती भाषेचं कोडं सुटलं. आपलं 'अद्' आणि 'उदक' त्यांचेच नातलग. पण हे नातं भावंडांचं, मायलेकींचं नाही. हाडाला हित्तीत 'हस्ताइ', संस्कृतात 'अस्थि'. हित्तीतला सुरुवातीचा 'ह' संस्कृतात नाही. असा एक लुप्त ध्वनी या दोघींच्या मूळ भाषेत असावा, असं भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १८७९ मध्ये निव्वळ तर्काने मांडलं होतं. १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी तो हित्तीतल्या 'ह'मध्ये दाखवून दिला. संस्कृतने जो ध्वनी आधीच गमावलाय, तो तिच्या लेकीला नेमक्या जागी परत कुठून मिळणार?