शंभर रुपयांचा हिशेब

अर्थसंकल्प झाला की आमच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर तोच संदेश फिरतो: महाराष्ट्र दिल्लीला शंभर रुपये देतो, हातावर सात-आठ टेकवले जातात आणि उरलेल्यांवर उत्तर प्रदेश-बिहार पोसले जातात. म्युनिकमध्ये बारा वर्षे काढल्यावर मला या हिशेबाचा मनस्वी वीट आला आहे. मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी देशभर कमावते आणि कर मुंबईत भरते, हे त्या शंभरात कुणी धरत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांच्या वाट्यातून उत्तर प्रदेशाला सुमारे 18 टक्के आणि महाराष्ट्राला 6.3 टक्के दिले, तेही उघड सूत्राने, ज्यात दरडोई उत्पन्नातील तफावतीला (राज्य जितके गरीब, तितका वाटा मोठा) 45 टक्के भार होता.

म्युनिक ज्याची राजधानी, ते जर्मनीतले बव्हेरिया राज्यही असेच कुरकुरते. आपण भरायचे आणि बर्लिनने (तेही एक राज्यच) उधळायचे, या तक्रारीवरून त्याने 2023 मध्ये घटनात्मक न्यायालय गाठले. पण 1950 पासून साडेतीन दशके हेच राज्य इतरांकडून घेत होते. गटावर हे लिहिले, तर एकाने विचारले, "तुझं तिथे बसून काय जातंय?"

प्रश्न झोंबला, तरी मुद्दा सोडवत नाही. राजकारण मुरते ते सूत्राबाहेरच्या पैशांत. उपकर आणि अधिभार हे जादा कर केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. आंध्रचा तेलुगू देसम आणि बिहारचा जनता दल (संयुक्त) यांच्या टेकूवर केंद्रात सरकार आले आणि जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आंध्रची राजधानी अमरावतीसाठी 15,000 कोटी, बिहारच्या रस्त्यांसाठी 26,000 कोटी निघाले. तमिळनाडूने केंद्राच्या 'पीएम श्री' शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही, तर त्याचा 'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षणाच्या योजनेचा निधी अडला. भांडायचे तर इथे भांडावे.

जर्मनीत असे चालत नाही, असे पुढे लिहिणार होतो. पडताळणीसाठी जुनी पगारपत्रके काढली. प्राप्तिकराच्या खालीच 'सोली'ची ओळ: प्राप्तिकराच्या साडेपाच टक्के, पूर्वेकडच्या राज्यांच्या नावाने 1991 मध्ये सुरू झालेला अधिभार, जो सगळाच्या सगळा केंद्राकडे जातो. तेव्हा ते वाक्य खोडले.

परवा कँटीनमध्ये सहकाऱ्यांबरोबर मीही सहज म्हणून गेलो, "आम्हीच पोसतो बर्लिनला." या 'आम्ही'ला इथे मत नाही. भारतात आहे, पण त्यासाठी स्वतः जावे लागते, आणि बारा वर्षांत एकाही मतदानाला मी गेलेलो नाही.