लॅपटॉपचा अर्धांगवायू : नवशिक्यांसाठी

मेंदूवर अधिकारवाणीने बोलायचं असेल तर मेंदूच्या वाटेला अजिबात जाऊ नका. तो कवटीत असतो, ओलसर असतो आणि बघायचा म्हटला तर आधी दहाबारा वर्षं शिकावं लागतं. त्यापेक्षा लॅपटॉप बरा. बेरीज-गुणाकार करणारे शंभरेक ठिपके मांडा, एकमेकांना जोडून जाळं करा आणि ठिपक्यांना ‘न्यूरॉन’, म्हणजे मेंदूतल्या पेशी, म्हणा. नावात कंजुषी नको. ‘बेरजेचे ठिपके’ म्हणालात तर चहासुद्धा कोणी विचारणार नाही.

आता जाळ्याला भाषा शिकवा. रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली अशा जाळ्याला इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ शिकवून दाखवला. आपल्याकडचं पोर आधी ‘केलं’ नीट म्हणतं, मग त्याला ‘बसलं-पडलं’चा सुगावा लागतो आणि ते ‘मी करलं’ म्हणू लागतं. आजी कौतुकाने शेजारी सांगून येते. इंग्रजी मुलंही ‘वेन्ट’वरून ‘गोएड’वर घसरतात, आणि कुठलाही नियम न सांगता ते जाळंही तसंच घसरलं! इथे टाळ्यांसाठी थांबा. जाळ्याला आधी दहाच क्रियापदं दिली होती, त्यातली आठ अनियमित, आणि मग एकदम आणखी ४१० ओतली, बहुतेक नियमित, हा तपशील टाळ्या चालू असतानाच उरकून घ्या. घसरण जाळ्याची की वेळापत्रकाची, असं पिंकर आणि प्रिन्स या भाषेच्या अभ्यासकांनी १९८८ मध्ये विचारलंच. त्यांनी असंही दाखवलं की हे जाळं ‘मेल’चा भूतकाळ ‘मेम्बल्ड’ करतं. म्हणजे ‘पाठव’चं ‘पाठेंबलं’. असलं पोर आढळल्यास आजी शेजारी जात नाही, डॉक्टरकडे जाते.

शिकवून झालं की मोडा. खरी मजा इथेच. हिंटन आणि शॅलिस यांनी १९९१ मध्ये चाळीस शब्दांचं जाळं केलं, अक्षरांवरून अर्थाकडे जाणारं, आणि त्याच्या जोडण्या तोडल्या. मेंदूला इजा झालेले काही रुग्ण वाचताना ‘काकडी’ला ‘टोमॅटो’ म्हणावं तसं करतात. एक रुग्ण ‘कॅनरी’ हा पक्षी लिहिलेला असताना ‘पोपट’ वाचत असे. त्याच रुग्णांचं ‘काकडी’चं ‘लाकडी’ही होतं. एक चूक अर्थाची, एक दिसण्याची, तेव्हा बिघाडही दोन जागी असणार, असंच कुणालाही वाटेल. जाळ्यात मात्र कुठेही तोडा, दोन्ही चुका एकत्रच येतात. कारण वाचणं म्हणजे गोटी उतारावरून अर्थाच्या खळग्यात जाणं. सारख्या अर्थाच्या शब्दांचे खळगे शेजारशेजारी असतात, आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या गोट्या शेजारशेजारून सुटतात. उतार जरा बिघडला की गोटी पलीकडच्या खळग्यात जाते.

पण हे सांगत बसू नका. हे खरंच विचार करण्यासारखं आहे, लोक कंटाळतील. तुम्ही एवढंच म्हणा : ‘मेंदूचं कोडं सुटलं.’

आमच्या अण्णांना पक्षाघात झाला तेव्हा माझ्या चुलतभावाने नेमकं हेच केलं. अण्णा चष्मा मागताना ‘चमचा’ म्हणत, आई निमूटपणे चष्मा देई. चुलतभाऊ म्हणाला, ‘काकू, त्यांच्या तीस टक्के कनेक्शन उडाल्यात.’ आईने विचारलं, ‘कुठल्या तपासणीत आलं?’ तपासणी त्याच्या लॅपटॉपवर झाली होती. अण्णांना बोलावलंही नव्हतं.

एक पथ्य मात्र कडक पाळा : मोडलेलं जाळं पुन्हा शिकवायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर चुकून कुणाचं भलं होईल. डेव्हिड प्लाउट याने १९९६ मध्ये ही आगळीक केली. मोडक्या जाळ्याला नेहमीच्यापेक्षा आडवळणाची उदाहरणं शिकवली, तर न शिकवलेली नेहमीचीही सुधारतात, असं त्याला दिसलं. मग २००३ मध्ये किरण आणि थॉम्पसन यांनी वाचाघाताच्या चार खऱ्याखुऱ्या रुग्णांवर, पक्षी आणि भाज्यांची नावं घेऊन, हे करून पाहिलं. आडवळणाची नावं शिकवली तर नेहमीची मागोमाग आली. उलट्या बाजूने नाही. चारच रुग्ण, पण माणसं होती, ठिपके नव्हते.

आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनीही एके दिवशी जेवणाच्या टेबलावर भाज्यांची चित्रं मांडली. आईला ते पटेना. ‘अहो, यांना बटाटा म्हणता येत नाही आणि तुम्ही सुरण काय विचारताय?’ अण्णांनी चित्र हातात घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. चुलतभाऊ तक्ता उघडून बसला होता, बरोबरचा एक रकाना, चुकीचा एक.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, ‘खाजतो.’

चुलतभाऊ अजून विचारतोय, हे कुठल्या रकान्यात टाकू?